कॅज्युअल गेमिंगसाठी लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं का?

गणपतीला अलिबागला घरी गेलो की आरतीनंतर कोणी ना कोणी फोन किंवा लॅपटॉपचा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतंच. गेल्या वेळी आतेभाऊ आला. त्याला लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला होता. लॅपटॉपसाठी बाबांनी पन्नास हजार बाजूला ठेवले होते. एका दुकानात त्याला दोन लॅपटॉप दाखवले. एक बजेटमध्ये बसणारा. दुसरा अठरा हजारांनी महाग, कारण त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. वरचे पैसे हप्त्याने द्यायचे.

"दादा, दुकानदार म्हणतो कार्ड नसेल तर गेम चालणारच नाहीत. आणि इंजिनिअरिंगलाही लागतंच."

त्याच्या बाबांना गेमचं काही पडलं नव्हतं. त्यांची भीती वेगळी होती: आपल्याला यातलं कळत नाही म्हणून कोणी गंडवू नये. 'अलिबागसे आया है क्या' हा मुंबईतला टोमणा तुम्ही ऐकला असेल. त्याविरुद्ध २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही गेली होती, कोर्टाने ती फेटाळली. टोमणा काही थांबला नाही. निदान लॅपटॉप घेताना तरी तो खरा ठरू नये, म्हणून हा लेख.

थोडक्यात उत्तर

व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जीटीए ५, रॉकेट लीग असे गेम दिवसातून तासभर खेळायचे असतील, तर वेगळं कार्ड लागत नाही. पण त्यासाठी दोन अटी आहेत: प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग बरा हवा आणि रॅम १६ जीबी, शक्यतो दोन स्टिकमध्ये हवी. या दोन अटी पाळल्या नाहीत तर कार्ड नसलेला लॅपटॉप खरंच रडवतो, आणि मग दोष 'कार्ड नाही' यावर जातो.

तुमच्या फोनमध्ये कुठलं कार्ड आहे?

कुठलंच नाही. बीजीएमआय तुम्ही ज्या फोनवर खेळता त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. एकाच चिपमध्ये प्रोसेसर असतो आणि शेजारी चित्र काढणारा भाग, म्हणजे जीपीयू असतो. स्नॅपड्रॅगन चिपमधल्या जीपीयूचं नाव अ‍ॅड्रिनो. एएमडी कंपनीने आपला मोबाइल ग्राफिक्सचा विभाग २००९ मध्ये क्वालकॉमला विकला, त्यातून हे नाव आलं. एएमडीच्या 'रेडिऑन' या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की 'अ‍ॅड्रिनो' तयार होतं.

लॅपटॉपमध्येही असाच जीपीयू प्रोसेसरच्या आत असतो. त्याला इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात. वेगळं कार्ड म्हणजे डेडिकेटेड ग्राफिक्स: स्वतंत्र चिप, तिची स्वतंत्र मेमरी आणि थंड ठेवण्याची जास्तीची सोय.

इंटिग्रेटेड म्हणजे कमकुवत असंही नाही. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड नाही. प्लेस्टेशन ५ मध्येही प्रोसेसर आणि जीपीयू एकाच चिपवर आहेत आणि १६ जीबी मेमरी दोघं वाटून घेतात. मग लॅपटॉपच का अडतो?

खरा फरक रस्त्याचा आहे

शनिवारी सकाळी वडखळहून अलिबागला येणारा रस्ता आठवा. पर्यटकांच्या गाड्या, एसटी आणि भाजीचा टेम्पो, सगळे एकाच रस्त्यावर. गाडीचं इंजिन कितीही दमदार असलं तरी पुढे सरकता येत नाही. इंटिग्रेटेड जीपीयूचं नेमकं हेच होतं. त्याची स्वतःची मेमरी नसते. तो लॅपटॉपची रॅम वापरतो आणि त्याच रॅमकडे प्रोसेसरचीही ये-जा चालू असते.

डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते. दोन स्टिक लावल्या की रस्ता दुपदरी होतो आणि आकडा ५१.२ जीबीवर जातो. याला ड्युअल चॅनल म्हणतात. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स २०५० या साध्या कार्डाकडे स्वतःचा ११२ जीबीचा रस्ता असतो, तोही कोणाशी न वाटता. प्लेस्टेशन ५ ची मेमरी तर सेकंदाला ४४८ जीबी देते. म्हणून तिथे 'वाटून घेणं' आड येत नाही.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावरूनच ठरतात.

'कॅज्युअल' म्हणजे नेमके कोणते गेम?

सोयीसाठी तीन गट करतो.

पहिला गट, जवळपास कुठल्याही लॅपटॉपवर चालणारे: स्टारड्यू व्हॅली, होलो नाइट, बुद्धिबळ, आणि आपल्याकडे अजून जिवंत असलेला २००६ चा क्रिकेट ०७. यांच्यासाठी कार्डाचा विचारही करू नका.

दुसरा गट, चांगल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर नीट चालणारे: व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजंड्स, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट, जीटीए ५. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटने किमान गरज म्हणून इंटेल एचडी ४००० हे ग्राफिक्स दिलं होतं. ते २०१२ च्या प्रोसेसरमधलं आहे. किमान म्हणजे ३० एफपीएस, पण आजचं इंटिग्रेटेड ग्राफिक्स त्याच्या कितीतरी पुढे आहे. जीटीए ५ पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये आला, तेव्हा त्याची किमान गरज एका २००८ च्या कार्डाची होती. मात्र २०२५ पासून त्याच्या दोन आवृत्त्या मिळतात. जुनी 'लेगसी' घ्या. 'एन्हान्स्ड' जड आहे.

काउंटर-स्ट्राइक २ या गटाच्या काठावर आहे. २०२३ मध्ये त्याने जुन्या सीएसजीओची जागा घेतली आणि तो त्याच्यापेक्षा बराच जड आहे. रिझोल्यूशन खाली आणलं तर चालतो.

तिसरा गट, जिथे वेगळं कार्ड हवंच: सायबरपंक २०७७, अ‍ॅलन वेक २ आणि अशा मोठ्या कथेचे नवे गेम. सायबरपंकची सध्याची किमान गरज ६ जीबीचं जीटीएक्स १०६० आहे, अ‍ॅलन वेक २ आला तेव्हा त्याची आरटीएक्स २०६० होती.

फोनवरून येणाऱ्यांची एक गफलत इथेच होते. बीजीएमआय अधिकृतपणे फक्त मोबाइलसाठी आहे. पीसीवरचा पबजी वेगळा गेम आहे. तो जानेवारी २०२२ पासून फुकट आहे, पण त्याची किमान गरज जीटीएक्स ९६० कार्डाची आहे. 'फोनवर मक्खन चालतो, मग लॅपटॉपवर चालणारच' हा हिशोब चुकतो. नाव सारखं असलं तरी पीसीवरच्या आवृत्तीत चित्र कितीतरी जड असतं.

एफपीएसबद्दलही एक गोष्ट. ६० एफपीएस म्हणजे जीपीयूला प्रत्येक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांत काढावं लागतं. लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर त्यापुढचे एफपीएस तुम्हाला पूर्ण दिसतच नाहीत. १४४ हर्ट्झची स्क्रीन आणि स्पर्धेत उतरायची हौस नसेल, तर स्थिर ६० पुष्कळ झाले.

नावावर जाऊ नका

आता सापळे. 'आय५' किंवा 'रायझन ५' एवढ्यावरून ग्राफिक्स कळत नाही.

रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५३५एचएस ही तीन नावं पाहा. आकडे जवळजवळ सारखे. पण ७५२०यू मध्ये रेडिऑन ६१०एम आहे, ज्यात जीपीयूचे फक्त २ कोअर गट आहेत. ७५३०यू मध्ये जुन्या वेगा पद्धतीचे ७. आणि ७५३५एचएस मध्ये नव्या पद्धतीच्या ६६०एमचे ६. पहिला लॅपटॉप ऑफिसच्या कामाचा, तिसरा व्हॅलोरंट सहज खेळणारा. स्टिकर मात्र तिन्हींवर 'रायझन ५'.

इंटेलमध्ये उलटा सापळा आहे. आय५-१२४५०एच मधला 'एच' म्हणजे ताकदीचा प्रोसेसर, म्हणून लोक तो गेमिंगला चांगला समजतात. पण सोबत वेगळं कार्ड असणार हे गृहीत धरून त्याचं आतलं ग्राफिक्स छोटं ठेवलंय: ४८ युनिट. पातळ लॅपटॉपमधल्या आय५-१३३५यू मध्ये ८० युनिटचं आयरिस एक्सई मिळतं. म्हणजे कार्ड नसलेला १२४५०एच गेमिंगसाठी घेतलात तर चुकलात.

याहून वर जायचं असेल तर रेडिऑन ७६०एम किंवा ७८०एम, अथवा इंटेल कोअर अल्ट्राच्या एच मालिकेतलं आर्क ग्राफिक्स शोधा. आज वेगळ्या कार्डाशिवाय गेम खेळायला हे खूपच चांगले पर्याय आहेत.

रॅम: ८ की १६, एक की दोन

इंटिग्रेटेड ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज, ब्राउझरचे पाच-सहा टॅब आणि डिस्कॉर्ड चालू असताना गेमसाठी उरतं काय? गेम मध्येच अडकतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून १६ जीबी.

आणि ती दोन स्टिकमध्ये, ८ अधिक ८. इंटेलनेच हे किती गंभीरपणे घेतलंय ते बघा. आयरिस एक्सई असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच स्टिक असेल तर विंडोजमध्ये त्याचं नाव नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' असं दिसतं. चिप तीच, पण रस्ता एकपदरी म्हणून नाव काढून घेतलं.

काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती बहुतेक वेळा वेगवान आणि ड्युअल चॅनलच असते, पण नंतर वाढवता येत नाही. असा लॅपटॉप घेणार असाल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या.

माझाच किस्सा सांगतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी '२ जीबी ग्राफिक्स' असा स्टिकर बघून लॅपटॉप घेतला. आत ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. ते कार्ड इंटिग्रेटेडपेक्षा जेमतेम पुढे होतं आणि लॅपटॉप सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागायची. पुढे रॅम वाढवली, एसएसडी टाकली, तेव्हा कुठे जीव आला. स्टिकरचे पैसे आधी रॅममध्ये घातले असते तर दोन वर्षं वाचली असती.

कार्डाचा किमतीत न दिसणारा खर्च

कार्डवाला लॅपटॉप गेममध्ये पुढे असतो यात वाद नाही. साधं आरटीएक्स २०५० सुद्धा रेडिऑन ६६०एमच्या पुढे जातं. पण त्याची किंमत फक्त अठरा हजार नसते.

वीज: पातळ लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅटचा, टाइप-सीचा असतो. त्यावर फोनही चार्ज होतो. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १५० वॅट आणि त्याहून मोठा, वीट म्हणावी असा.

बॅटरी: साधी ५० वॅट-तासांची बॅटरी धरा. गेम चालताना लॅपटॉप १०० वॅट खात असेल तर अर्धा तास. २५ वॅट खात असेल तर दोन तास. शिवाय बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही, त्यामुळे वेगही पडतो. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात लाइट जाणं नवं नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. लाइट गेल्यावर असाइनमेंट पूर्ण करायची असेल तर कोणता लॅपटॉप बरा, हे तुम्हीच ठरवा.

वजन: सव्वादोन-अडीच किलोचा लॅपटॉप आणि वर चार्जर. अलिबागहून वडखळ, नागोठणे, माणगाव करत एसटीने लोणेऱ्याला जायचं आणि ती बॅग मांडीवर घेऊन बसायचं.

उष्णता: मे महिन्यात पंखा सुरू असतानाही आपल्याला घाम फुटतो. कार्डवाला लॅपटॉप तेव्हा हेअर ड्रायरसारखा आवाज करतो आणि फार तापला की स्वतःच वेग कमी करतो.

आणखी एक बारकावा. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगळ्या ताकदीने चालतं. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० कंपनीने ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असू शकतं. नुसतं नाव वाचून पैसे दिलेत तर कमी वॅटचं कार्ड जास्त वॅटच्या भावात घ्याल. तपशिलात 'टीजीपी' किती वॅट आहे ते विचारा. मेमरी ४ जीबीची असेल तर नव्या गेममध्ये ती लवकर भरते हेही बघा.

मग कार्ड कोणी घ्यावं?

हे लोक बिनधास्त घ्या:

तिसऱ्या गटातले गेमच खेळायचे आहेत, आणि ते तीन-चार वर्षं खेळायचे आहेत.

ब्लेंडरमध्ये थ्रीडी, अ‍ॅनिमेशन किंवा मोठं व्हिडिओ एडिटिंग करायचंय. त्यातून पैसे कमवायचे असतील तर मुळीच काटकसर करू नका.

गेम बनवायचे आहेत. हे काही दूरचं स्वप्न नाही. २०२० मध्ये आलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. 'इंडस' बनवणारी सुपरगेमिंग ही कंपनीही पुण्याचीच. अनरिअल इंजिनवर काम करायला कार्ड लागतं.

आणि 'इंजिनिअरिंगला लागतंच' याचं काय? सी, जावा, पायथन, वेबसाइट, डेटाबेस, यातलं काहीही कार्ड मागत नाही. मशीन लर्निंगमध्ये एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं हे खरं. पण शिकण्यापुरतं गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच, मर्यादा असल्या तरी, फुकट जीपीयू वापरता येतो. रोज मोठी मॉडेल्स चालवायची वेळ आली तर लॅपटॉपचं ४ जीबीचं कार्ड तसंही पुरत नाही.

दुकानदाराच्या बाजूने एक मुद्दा मात्र मांडायलाच हवा. लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी नंतर वाढवता येते, ग्राफिक्स कार्ड नंतर टाकता येत नाही. ते बोर्डावर सोल्डर केलेलं असतं. बाहेरून जोडायचे बॉक्स मिळतात, पण ते आपल्या बजेटचं गणितच मोडतात. म्हणून 'आत्ता नको, पुढे बघू' असं म्हणू नका. पुढच्या तीन वर्षांत तिसऱ्या गटातले गेम खेळणार का, याचं उत्तर आत्ताच द्या.

दुकानात पाच मिनिटांत तपासा

१. चालू असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जा.

२. 'मेमरी'वर क्लिक करा. किती जीबी, कोणता वेग आणि 'स्लॉट्स यूज्ड' किती ते बघा. दोनपैकी एकच स्लॉट वापरात असेल तर दुसरी स्टिक टाकण्याचा खर्च किमतीत धरा.

३. 'जीपीयू'वर क्लिक करा. जीपीयूचं नाव तिथे येतं. आयरिस एक्सई सांगितलं आणि 'यूएचडी' दिसलं तर कारण वर सांगितलंय.

४. तिथेच 'शेअर्ड जीपीयू मेमरी' दिसते. हा आकडा साधारण रॅमच्या निम्मा असतो. कोणी तो दाखवून '८ जीबी ग्राफिक्स आहे' म्हणाला तर हसून सोडून द्या. ती तुमचीच रॅम आहे.

५. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, सगळ्या आकड्यांसकट. घरी येऊन त्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर तुमचा गेम कसा चालतो याचे व्हिडिओ शोधा. लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅमही तीच आहे ना, ते बघायला विसरू नका.

लॅपटॉप आणल्यावर

फुल एचडी म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६००. रिझोल्यूशन खाली आणलं की जीपीयूचं काम निम्म्याहून कमी होतं. १५ इंची स्क्रीनवर १६०० × ९०० हा मधला मार्ग छान दिसतो.

सावल्या सर्वात आधी 'लो' करा, एफपीएसमध्ये मोठा फरक पडतो. गेममध्ये एफएसआर असेल तर चालू करा. एएमडीचं हे तंत्र कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवतं आणि ते इंटेलच्या ग्राफिक्सवरही चालतं. एफपीएस ६० वर बांधून ठेवा, लॅपटॉप कमी तापेल. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा. गेम खेळताना चार्जर लावा.

आणि स्टीमवर विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करून पैसे मिळतात. आपल्या लॅपटॉपवर चालेल की नाही याची सर्वात खात्रीची चाचणी हीच.

आतेभावाने काय घेतलं?

त्या महागड्या लॅपटॉपमध्ये आय५-१२४५०एच, ४ जीबीचं आरटीएक्स २०५० आणि ८ जीबीची एकच स्टिक होती. म्हणजे हप्ते सुरू झाल्यावर रॅमचा खर्च पुन्हा वेगळा. बजेटमधल्या लॅपटॉपमध्ये रायझन ५ ७५३५एचएस आणि ८ अधिक ८ जीबी. मी त्याला एकच विचारलं, "पुढच्या तीन वर्षांत कोणते गेम खेळणार, नावं लिही." त्याने सहा नावं लिहिली. पाच दुसऱ्या गटातली, एक सायबरपंक.

त्या एका नावासाठी अठरा हजार आणि हप्ता, असा हिशोब कागदावर आल्यावर त्याने स्वतःच बजेटमधला निवडला. व्हॅलोरंट आणि जीटीए मजेत चालतात. सायबरपंक एकदा लावून बघितला, चालला, पण खेळावासा वाटला नाही. तो त्याने परत केला. हे होणार हे त्याला आधीच माहीत होतं, म्हणून तक्रार नाही.

तुम्हीही दुकानात जाण्याआधी तेवढंच करा. गेमची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकाची किमान गरज बघा. तिसऱ्या गटातली नावं जास्त निघाली तर कार्ड घ्या, आणि चांगल्या वॅटचं घ्या. नाही निघाली तर तेच पैसे रॅममध्ये घाला, उरलेले बाबांना परत द्या.